पटलेले तपासण्याची विद्या

१

१८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला आणि सुमारे दीड वर्षाने त्याचे संपादक तुरुंगात गेले. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा संशय त्या वेळी पुण्यात उघड बोलला जात होता. बर्व्यांची म्हणून काही पत्रे पुढे आली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या दोन्ही वृत्तपत्रांनी त्यांवर विसंबून मजकूर छापला. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली, आणि न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. ‘मराठा’चे संपादक टिळक आणि ‘केसरी’चे संपादक आगरकर यांना १८८२ च्या जुलैमध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले.

आपल्याकडे हा प्रसंग त्यागाची कथा म्हणून सांगितला जातो. जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने उरवणे यांनी भरलेला जामीन, सुटकेनंतर झालेले स्वागत, तुरुंगात दोघा मित्रांनी रात्र रात्र केलेल्या चर्चा, हे सगळे त्या कथेत येते आणि ते यायलाही हवे. पत्रकारितेच्या वर्गात मात्र हाच प्रसंग दुसऱ्या बाजूने उघडायला हवा. अक्षर बर्व्यांचे आहे का, हे कोणी आणि कशावरून ठरवले? पत्रे आणून देणाऱ्याचा त्यात काय हेतू होता? ज्याच्यावर आरोप होता त्याला छापण्याआधी विचारले गेले का? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न म्हणजे, महाराष्ट्रातल्या त्या पिढीतल्या दोन अत्यंत तल्लख माणसांना हे प्रश्न तेव्हाच पुरेसे का टोचले नाहीत?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बुद्धीच्या कमतरतेत सापडणार नाही. ज्यावर आधीच विश्वास बसलेला होता, तेच ती पत्रे सांगत होती. छत्रपतींवर अन्याय होतो आहे ही कळकळ खरी होती. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, अहमदनगर येथे सरकारी देखरेखीत असताना एका गोऱ्या शिपायाशी झटापट होऊन चौथ्या शिवाजींचा मृत्यू झाला. म्हणजे त्यांच्याविषयीची काळजी अनाठायी नव्हती. तरीही कागद खोटाच होता. संशय खरा असू शकतो आणि त्याचा पुरावा त्याच वेळी खोटा असू शकतो. पत्रकाराला पेलावी लागणारी ही सर्वांत जड गोष्ट आहे, आणि चिकित्सक विचाराचा अभ्यासक्रम तिथूनच सुरू व्हायला हवा.

या पुस्तकाचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : दुसऱ्यावर शंका घ्यायला कोणालाही शिकवावे लागत नाही, विद्यापीठाने शिकवायची आहे ती आपल्याला पटलेल्या गोष्टीवर शंका घेण्याची रीत.

२

‘चिकित्सक विचार’ हा शब्दप्रयोग अलीकडे सरकारी कागदांत फार फिरतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो जागोजागी आहे. विद्यापीठांच्या अभ्यासक्रम-पत्रिकांत ‘अपेक्षित निष्पत्ती’ या रकान्यात तो हमखास असतो. निष्पत्ती लिहून झाली की शिकवणे मात्र जुन्याच वाटेने चालते : बातमीचे घटक, उलटा पिरॅमिड, मुलाखतीचे प्रकार, प्रसारमाध्यमांचा इतिहास, कायदे. विद्यार्थी या सगळ्यावर नीट उत्तरे लिहितो, उत्तम गुण मिळवतो, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आलेली प्रेसनोट क्रियापदे बदलून पुढे पाठवतो. यात त्याचा दोष थोडा. पुढ्यात आलेला कागद संशयास्पद असू शकतो, ही शक्यता त्याच्या कोणत्याही प्रश्नपत्रिकेत कधी आलेलीच नसते.

जॉन ड्यूई या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९१० मध्ये विचार करण्याच्या प्रक्रियेवर पुस्तक लिहिले. निर्णय लांबणीवर टाकून पुरावा तपासत राहण्याची तयारी हा त्याच्या मांडणीचा गाभा होता. अशा लांबणीवर टाकण्यात अस्वस्थता असते आणि माणूस ती टाळू पाहतो, हेही त्याने ओळखले होते. पत्रकारितेत त्या अस्वस्थतेवर डेडलाइनचे ओझे येते. म्हणून सर्वसाधारण तर्कशास्त्राचा पेपर इथे पुरत नाही. बातमीदाराला अपुऱ्या माहितीवर, थोड्या वेळात आणि जाहीरपणे निर्णय घ्यायचा असतो. त्याची चिकित्सा या तीन अटींमध्ये टिकली तरच उपयोगाची.

आपल्या इच्छा बातमीत कशा शिरतात याचा पहिला मोठा अभ्यास वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी १९२० मध्ये केला. रशियन क्रांतीनंतरची तीन वर्षे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तिथल्या बातम्या कशा दिल्या, हे त्यांनी तपासले. बोल्शेविकांची सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या काळात ९१ वेळा छापून आले होते. सत्ता काही कोसळली नाही. यामागे कोणाचे कारस्थान नव्हते. बातमीदार आणि संपादक यांच्या मनातली आशा आणि भीती हेच चुकीचे खरे कारण होते, असा निष्कर्ष लिपमन-मर्झ यांनी काढला. कोल्हापूर प्रकरण आणि हा अभ्यास शेजारी ठेवून वाचले की देश, भाषा आणि काळ वेगळे असूनही चूक एकाच जागी होते, हे विद्यार्थ्याला दिसते. निष्पक्ष वर्तमानपत्राचा दावा आणि ध्येयवादी वर्तमानपत्राचा आवेश यांतले काहीही या चुकीपासून वाचवत नाही.

३

पुस्तकाच्या पहिल्या भागात छापील बातमीची चिरफाड आहे. त्यासाठी आम्ही जी चौकट घेतली ती विद्यार्थ्यांना अनोळखी वाटू नये. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बातमीतले प्रत्येक वाक्य घ्यायचे आणि विचारायचे, हे बातमीदाराने पाहिले की कोणी सांगितले? की कशावरून तरी ताडले? की पूर्वीच्या घटनेशी तुलना करून मांडले? हा सराव करताना वर्गाला पहिला धक्का बसतो तो हा, की ‘घटनास्थळावरून’ म्हणून आलेल्या कित्येक बातम्यांत पाहिलेले वाक्य एकही नसते. जवळजवळ सगळा मजकूर ‘शब्द’ या प्रमाणावर उभा असतो, म्हणजे कोणीतरी सांगितले म्हणून.

मग सांगणारा कोण, हा प्रश्न उरतो. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने विश्वसनीय सांगणाऱ्याची जी लक्षणे दिली आहेत, ती आजच्या कोणत्याही न्यूजरूमच्या भिंतीवर लावावीत अशी आहेत. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो विश्वसनीय. आणि ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे, असे तो म्हणतो. बातमीच्या भाषेत सांगायचे तर जिल्हाधिकारी आणि ऊसतोड मजूर यांना परीक्षा एकच. पद हा पुरावा नव्हे. बंधारा फुटला तेव्हा अधिकारी मुंबईत बैठकीला असेल आणि मजूर काठावर असेल, तर त्या क्षणाविषयी मजुराचा शब्द वरचा. बंधाऱ्याच्या निविदेविषयी मात्र तसे नाही. कोण कशाविषयी विश्वसनीय, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

मराठी बातमीची एक खास शैलीही या भागात तपासली आहे. ‘समजते’, ‘कळते’, ‘असे बोलले जात आहे’, ‘राजकीय वर्तुळात चर्चेला उधाण आले आहे’, ‘विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार’. या वाक्यांत कर्ता गायब असतो. कोणाला समजले, कोण बोलत आहे, वर्तुळात किती माणसे आहेत, हे विचारले की अनेकदा उत्तर येते : दोन सहकारी आणि एक फोन. सूत्राचे नाव गुप्त ठेवणे कधीकधी पत्रकाराचे कर्तव्य असते, हे विद्यार्थ्याला शिकवायलाच हवे. पण नाव वाचकापासून लपवणे वेगळे आणि मुळात सूत्रच नसणे वेगळे. संपादकाला नाव सांगता येते का, ही पहिली चाळणी. सूत्राला ती गोष्ट माहीत असण्याची सोय होती का, ही दुसरी. बातमी आल्याने त्याचा काय फायदा होतो, ही तिसरी.

गुन्हे-वार्तांकनात हीच शिस्त माणसांच्या आयुष्याला भिडते. मालेगावमध्ये २००६ च्या सप्टेंबरात झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली. पुढे तपास दुसऱ्या दिशेने गेला, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर त्यांच्यापैकी एकाचा मृत्यू झाला होता. ‘पोलिसांनी अटक केली’ हे प्रत्यक्षाने सिद्ध होणारे वाक्य आहे. ‘स्फोट घडवणारे पकडले’ हे अनुमान आहे, आणि ते पोलिसांचे आहे. या दोन मथळ्यांमधले अंतर उपसंपादकाला काही सेकंदांत कापता येते. ज्याच्यावर आरोप आहे त्याला ते भरून काढायला दहा वर्षे लागू शकतात.

४

दुसरा भाग आकड्यांचा आहे. पत्रकारितेला येणारे बरेच विद्यार्थी गणितापासून सुटका म्हणून या शाखेत आलेले असतात. त्यांना सांख्यिकीच्या सूत्रांची फारशी गरज नाही. आकड्याला तीन प्रश्न विचारता आले तरी पुष्कळ : काय मोजले, कोणी मोजले आणि मोजण्याची व्याख्या मध्येच बदलली का?

तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच राज्याच्या दुखऱ्या नसेवर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०१३ साली देशभरात शेती हा स्वयंरोजगार असलेल्यांच्या आत्महत्या ११,७७२ नोंदवल्या होत्या. २०१४ च्या अहवालात ‘शेतकरी’ या सदरात आकडा आला ५,६५०. शेजारी ठेवले तर एका वर्षात आत्महत्या निम्म्याहून अधिक घटल्या, असा मथळा सहज तयार होतो. पण त्याच वर्षापासून विभागाने वर्गवारी बदलली होती आणि शेतमजुरांचे वेगळे सदर केले होते. त्या सदरात ६,७१० मृत्यू होते. दोन्हींची बेरीज १२,३६०. म्हणजे एका रीतीने पाहिले तर ५२ टक्के घट आणि दुसऱ्या रीतीने पाहिले तर ५ टक्के वाढ.

इथेच वर्गातला सरकारविरोधी विद्यार्थी खूश होतो आणि म्हणतो, ‘बघा, फसवत होते.’ त्याला थांबवणे हे शिक्षकाचे काम. आधीच्या सदरात नेमके किती मजूर मोजले गेले होते, हे त्या तक्त्यातून वेगळे निघत नाही. म्हणून ‘५ टक्के वाढ’ हाही निखळ निष्कर्ष नव्हे. प्रामाणिक बातमी एवढेच म्हणेल की वर्गवारी बदलल्यामुळे या दोन वर्षांची थेट तुलना करता येत नाही, आणि बदल कसा झाला ते सांगेल. असा मथळा कोणत्याच बाजूला आवडत नाही. तो लिहिता येणे म्हणजे या विषयात उत्तीर्ण होणे.

त्यामागे आणखी एक थर आहे. शेतकरी कोणाला म्हणायचे? महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त कुटुंबाला सरकारी मदत मिळते ती प्रकरण ‘पात्र’ ठरल्यावर. त्यासाठी जमीन, कर्ज आणि नापिकी यांचे कागद पाहिले जातात. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई आयुष्यभर शेतात राबली असली, तरी ती या मोजणीत कुठे बसते? बटईने शेती करणारा कुठे बसतो? ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे प्रशासनाचे शब्द आहेत. बातमीदाराने ते वापरताना त्यांची व्याख्या सोबत द्यावी, एवढी शिस्त लागली तरी जिल्हा पातळीवरच्या बातम्या बदलतील.

हाच सराव पैसेवारीवर, पावसाच्या सरासरीवर आणि गुन्ह्यांच्या नोंदींवर करून घेतला आहे. पाऊस सरासरीच्या १९ टक्के कमी पडला तरी हवामान खात्याच्या वर्गवारीत तो ‘सामान्य’च असतो, हे माहीत असले की ‘पाऊस सामान्य, तरीही टँकर’ या बातमीतला विरोधाभास विरून जातो आणि खरा प्रश्न समोर येतो : पाऊस कोणत्या आठवड्यात पडला आणि कुठे? तसेच गुन्ह्यांचे. देशात बलात्काराचे नोंदलेले गुन्हे २०१२ मध्ये २४,९२३ होते, ते २०१३ मध्ये ३३,७०७ झाले. दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ मध्ये कायद्याची व्याख्या रुंदावली आणि तक्रार करायला पुढे येणाऱ्यांची भीड काही अंशी चेपली. या वाढीतला किती भाग गुन्ह्यांचा आणि किती नोंदीचा, हे न विचारता ‘३५ टक्के वाढ’ म्हणणे ही बातमी नव्हे, केवळ भागाकार आहे.

५

तिसरा भाग पडद्यावरच्या मजकुराचा आहे. अफवा नवी नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता मोबाइल अजून घरोघरी न पोचलेल्या देशात एका दिवसात सर्वत्र पोचली होती. त्या दिवशी वार्ताहरांनी भाविकांचे म्हणणे दिले आणि शास्त्रज्ञांचे म्हणणेही दिले. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाते हे घरातल्या कोणत्याही दगडी किंवा धातूच्या वस्तूवर पाहता येण्यासारखे होते. ज्याला स्वतः करून पाहता येते त्याविषयी दोन बाजूंची विधाने गोळा करणे म्हणजे समतोल नव्हे. तो आळस आहे.

२०१६ च्या नोव्हेंबरात नव्या दोन हजारांच्या नोटेत उपग्रहाला सापडणारी चिप आहे, असे वाहिन्यांवर अॅनिमेशनसह दाखवले गेले. अशी कोणतीही चिप त्या नोटेत नव्हती. नोट तर प्रेक्षकांच्याच काय, निवेदकाच्याही हातात होती. कागदाइतक्या पातळ वस्तूला संदेश पाठवायला वीज कुठून मिळते, एवढा एक प्रश्न पुरेसा होता. तो विचारला गेला नाही, कारण काळा पैसा असा पकडला जावा असे अनेकांना मनापासून वाटत होते. पुन्हा तीच आशा.

आणि भीतीचे काय होते ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला दिसले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश आणि चित्रफिती कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर फिरत होत्या. आठवडे बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. विद्यार्थ्यांशी बोलताना हे प्रकरण ‘खेडुतांचे अज्ञान’ म्हणून निकालात काढू नये. त्या आधीच्या आठवड्यांत आसपासच्या किती बातमीदारांनी ‘मुले पळवल्याची नोंद पोलीस ठाण्यात आहे का’ हे विचारून ‘नाही’ असे ठळक छापले असते, तर? अफवा खोटी आहे ही वेळेवर दिलेली बातमीच असते. तिचे प्रशिक्षण आपण देत नाही.

तपासायचे कसे, याविषयी एक अभ्यास शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि २५ पदवीचे विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळे पारखायला दिली. पीएचडी झालेले इतिहासकार आणि निवडक विद्यार्थीसुद्धा पान वरपासून खालपर्यंत नीट वाचत राहिले आणि देखणी रचना, भारदस्त नाव, संदर्भांची यादी यांना फसले. तथ्य-तपासनीस त्या पानावर फार थांबलेच नाहीत. त्यांनी शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि या संस्थेविषयी इतर काय म्हणतात ते आधी पाहिले. बारकाईने वाचा, असे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. मजकूर कोणाचा हे ठरण्याआधी बारकाईने वाचणे हाच सापळा असू शकतो, हे या अभ्यासाने दाखवले.

चित्रांचेही तसेच. २८ मे २०२३ रोजी दिल्लीत आंदोलक कुस्तीगीर महिलांना पोलिसांनी गाडीतून नेले. गाडीतला त्यांचा गंभीर चेहऱ्यांचा फोटो बदलून त्यांना हसताना दाखवले गेले आणि तो वेगाने पसरला. आज असे बदल मोबाइलवर बसल्या बसल्या होतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने कधी न घडलेले दृश्यही तयार होते. एखादे उपकरण बनावट पकडून देईल या भरवशावर राहू नये. मूळ फोटो कोणी, कुठून, केव्हा काढला ही साखळी जुळते का, हाच खात्रीचा मार्ग आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापताना दप्तर कोणाच्या घरून आले, नक्कल की अस्सल, मिती जुळते का, हे प्रश्न विचारले. तेच प्रश्न आज एका फोटोला विचारायचे आहेत.

६

या विषयाचे दोन धोके आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

पहिला धोका म्हणजे सर्वसंशय. शंका शिकवली आणि विश्वास कशावर ठेवावा हे शिकवले नाही, तर सत्राच्या शेवटी ‘सगळेच विकले गेलेत, खरे काहीच नसते’ असे म्हणणारा विद्यार्थी तयार होतो. तो स्वतःला चतुर समजतो, पण त्याला हाताळणे सर्वांत सोपे असते. सिगारेटमुळे कर्करोग होतो याविषयी लोकांच्या मनात शंका जिवंत ठेवणे हाच तंबाखू कंपन्यांनी कित्येक दशके व्यवसाय केला होता. न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडायचा ती वितंडा. रात्री नऊच्या चर्चा कुठे बसतात हे विद्यार्थी लगेच सांगतात. आपली स्वतःची टिप्पणी कुठे बसते, हे सांगायला त्यांना वेळ लागतो. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘मग आता काय छापाल?’ हा प्रश्न आहे. शंकेवर थांबायची मुभा नाही. उपलब्ध पुराव्यावर आज काय म्हणता येते, ते लिहायचे आहे.

दुसरा धोका अधिक कडू आहे. चिकित्सा करता येणे आणि करू दिली जाणे या वेगळ्या गोष्टी आहेत. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्र्यांचा गौरव करणारा एकच मजकूर तीन मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’तून ते उघड केले. ही पडताळणी अंक शेजारी ठेवून वाचण्याइतकी साधी होती, आणि तरीही ती स्फोटक ठरली. प्रेस कौन्सिलने नेमलेल्या परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजविषयी सविस्तर अहवाल दिला. तो संपूर्ण जाहीर व्हायला मात्र केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन तुटपुंजे आणि वाढदिवसाच्या पुरवणीचे जाहिरातीचे टार्गेट भरभक्कम, ही परिस्थिती कोणत्याही पाठ्यपुस्तकाने बदलणार नाही. पण आपण कोणत्या दबावाखाली काय छापतो आहोत, हे ज्याला कळते तो निदान स्वतःला फसवत नाही. आणि संधी मिळेल त्या दिवशी त्याच्या हातात कसब असते. १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांच्या प्रतिष्ठानांचे प्रकरण काढले, तेव्हा त्याचा कणा होता सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा ताळमेळ. दोन याद्या समोरासमोर ठेवण्याची ती कला होती. १९८२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि मुख्यमंत्र्यांना जावे लागले.

७

शेवटी शिकवण्याविषयी. हा विषय व्याख्यानाने येत नाही. शिक्षक बोलतो आणि विद्यार्थी ‘शिक्षकांवरही प्रश्न विचारावा’ असे वहीत उतरवून घेतात, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे. म्हणून या पुस्तकात वाचण्यापेक्षा करण्याचे अधिक आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर यायला हवे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एक अर्ज टाकला, तर सत्र संपण्याआधी वर्गात अस्सल कागद, अर्धवट उत्तरे आणि नकार यांचा ढीग जमेल. त्याहून चांगले पाठ्यसाहित्य कोणी लिहू शकणार नाही. प्रत्येक बातमीसोबत पडताळणीचे टिपण जोडायचे : कोण म्हणाले, त्याला कसे कळले, कोणी नाकारले, आणि माझी ही बातमी कोणत्या गोष्टीने खोटी ठरेल. शेवटचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याची बातमी परत करावी, मग ती कितीही सफाईने लिहिलेली असो.

विद्यार्थ्यांनी आपल्या जातीच्या, गावाच्या, पक्षाच्या, आवडत्या चळवळीच्या विरोधात जाणारी एक तरी माहिती शोधून आणायची, असेही एक काम यात आहे. ते वर्गात तणाव निर्माण करते. ते टाळू नये. मात्र त्यात शिक्षकाने आधी उतरावे. आपल्याला प्रिय असलेला निष्कर्ष वर्गासमोर उलगडून तपासणारा शिक्षक एका तासात जे देतो, ते दहा प्रकरणे देऊ शकत नाहीत.

आणि विभागप्रमुखांना, परीक्षा मंडळांना एक विनंती. आज आपल्या मूल्यमापनात छापण्याजोगा मजकूर आणणाऱ्यालाच गुण मिळतात. जो विद्यार्थी आठवडाभर धागा पकडून फिरला, चार माणसांना भेटला, कागद पाहिले आणि ‘यात बातमी नाही, आरोप टिकत नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून परतला, त्याच्यासाठी आपल्या गुणपत्रिकेत रकाना नाही. त्यामुळे नसलेली बातमी उभी करण्याचे पहिले धडे तो आपल्याच वर्गात गिरवतो. प्रत्येक सत्रात एक तरी काम असे द्या, ज्याचे बरोबर उत्तर ‘हे छापू नये’ हे असेल. आणि ते उत्तर पुराव्यासह देणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्या.